अस्सल बरहुकूम

एका दस्तऐवजाची कुणी हाताने नक्कल केली आणि ती मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. चूक सापडली नाही. पुढे त्या नकलेवरून दुसरी नक्कल उतरवली गेली, पण ही दुसरी मूळ कागदासमोर कुणी धरली नाही. आता मूळ कागद गहाळ आहे आणि हाती आहे ती फक्त दुसरी नक्कल. खटल्यात ती पुरावा म्हणून चालेल का? १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ६३ खाली चार उदाहरणे दिली आहेत. त्यातले तिसरे म्हणते, चालणार नाही. जिच्यावरून ती उतरवली ती मुळाशी ताडलेली होती, एवढ्याने भागत नाही. मात्र नकलेवरून केलेली नक्कल नंतर मुळाशी ताडली असेल, तर ती खुशाल चालते.

मूळ इंग्रजीत हे सगळे एका वाक्यात मावले आहे. मध्ये एक अर्धविराम आहे. त्याच्या अलीकडची नक्कल स्वीकारली जाते, पलीकडची नाकारली जाते, आणि दोघींमध्ये फरक असतो तो एका कृतीचा. कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवून, बोट फिरवत वाचले की नाही, एवढाच. विशेषणे नाहीत, न्यायाबद्दलची मोठी भाषा नाही. तरी माणसाच्या स्वातंत्र्याचा फैसला कशावर व्हावा याबद्दलची ठाम भूमिका त्या वाक्यात आहे. मला ते वाक्य सुंदर वाटते ते यासाठी. खरेपणा एका नकलेकडून दुसरीकडे आपोआप जात नाही, दर वेळी मुळाकडे परत जावे लागते, हे ते उपदेश न करता सांगते.

ही भाषा घडवणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला कायदा सदस्य होता. व्हर्जिनिया वुल्फचा हा सख्खा काका. कलमाखाली उदाहरणे देण्याची रीत त्याची स्वतःची नव्हे. मेकॉलेच्या १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यात ती आधीच होती. पण पुरावा कायद्यात स्टीफनने तिचा जो उपयोग केला आहे त्याला तोड नाही. कलम तत्त्व सांगते आणि उदाहरण त्या तत्त्वाला हातपाय देते. तालुक्याच्या न्यायालयात बसलेल्या न्यायाधीशाला, ज्याच्या हाताशी ग्रंथालय नाही, त्याला समोरचा कागद कोणत्या उदाहरणासारखा आहे हे पाहता यावे, अशी ती बांधणी आहे.

चारही उदाहरणे एकत्र वाचली पाहिजेत, कारण त्यांच्या क्रमात अर्थ आहे. पहिले उदाहरण छायाचित्राचे. मूळ कागदाचे छायाचित्र हा दुय्यम पुरावा, म्हणजे मुळाऐवजी चालणारा पुरावा आहे, दोन्ही ताडून पाहिलेली नसली तरीसुद्धा. अट एकच, ज्याचे छायाचित्र काढले ती वस्तू मूळ कागदच होती हे सिद्ध झाले पाहिजे. दुसरे उदाहरण यंत्राने काढलेल्या प्रतीचे. पत्राच्या यंत्रप्रतीशी ताडून पाहिलेली हातनक्कलही चालते, पण ती यंत्रप्रत मुळावरूनच काढली होती हे दाखवावे लागते. तिसरे वर सांगितलेच. चौथे तोंडी वर्णनाचे. मूळ कागद ज्याने स्वतः पाहिला तो त्यातला मजकूर तोंडी सांगू शकतो. पण ज्याने फक्त नक्कल पाहिली, छायाचित्र पाहिले, यंत्रप्रत पाहिली, त्याचे सांगणे मूळ कागदाबद्दलचा पुरावा होत नाही.

आजचा वाचक दुसऱ्या उदाहरणातल्या ‘यंत्रा’शी अडखळतो. १८७२ साली झेरॉक्स कुठले? चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली कोरडी छायाप्रत काढली ती २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, आणि कचेऱ्यांत सहज वापरता येईल असे झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आले ते १९५९ मध्ये. स्टीफनच्या डोळ्यांसमोर होते ते लोखंडी स्क्रूचे दाबयंत्र. जेम्स वॉटने, त्याच वाफेच्या इंजिनवाल्या वॉटने, १७८० साली त्याचे पेटंट घेतले होते. खास शाईने पत्र लिहायचे, प्रतवहीतले कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पान ओलसर करून त्यावर ठेवायचे, वही यंत्रात घालून वरचे चाक फिरवायचे. पत्रावरची शाई ओल्या पानात उतरे. अक्षरे उलटी उमटत, पण पान इतके पातळ की मागच्या बाजूने सरळ वाचता येत. त्या पानावर लिहिणाऱ्याच्या हाताची जी खोड तीही येई, खोडलेला शब्दही येई, कारण शाई तीच होती.

हे डोळ्यांसमोर आले की कलमाच्या दुसऱ्या खंडातला शब्दप्रयोग उमगतो. ज्या यांत्रिक प्रक्रियेतच प्रतीच्या अचूकतेची हमी असते अशा प्रक्रियेने काढलेल्या प्रती, असे तिथे म्हटले आहे. कारकुनाच्या नकलेला ती हमी नाही. त्याची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारते, ‘नाही’ गळते, आकड्यातले शून्य वाढते. म्हणून यंत्रप्रतीशी ताडलेली नक्कल चालते आणि हातनकलेशी ताडलेली चालत नाही. कायदा इथे यंत्राला झुकते माप देतो. मात्र लगेच अट घालतो, आणि ती अट पहिल्या उदाहरणातही आहे, दुसऱ्यातही आहे: यंत्रासमोर ठेवलेला कागद मूळ होता हे कोण सांगणार? अक्षरे बरोबर उतरली का, ही शंका यंत्र मिटवते. काचेवर काय ठेवले होते, ही शंका यंत्र मिटवू शकत नाही. एका कागदावरची सही दुसऱ्या कागदाखाली चिकटवून झेरॉक्स काढली तर यंत्र प्रामाणिकपणे तेच छापते. ही फसवणूक स्टीफनला ठाऊक नव्हती, पण तिचे उत्तर त्याच्या वाक्यात आधीच होते.

महाराष्ट्रात याचा ताजा प्रसंग सर्वांच्या आठवणीतला आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेल्या काही जबाबांचे मूळ कागद सापडेनासे झाले. २०१७ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांच्या झेरॉक्स प्रती दुय्यम पुरावा म्हणून वापरायला परवानगी दिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये त्या प्रतींच्या वापराला स्थगिती मिळाली. तिथे विचारला गेलेला प्रश्न म्हणजे जवळजवळ पहिले उदाहरणच होते. या प्रती मूळ जबाबांवरूनच काढल्या आहेत, हे कशावरून ठरवले? त्या खटल्याचा निकाल २०२५ च्या जुलैत लागला. त्याची कारणे अनेक आहेत आणि तो इथला विषय नाही. पण सहा माणसांचा जीव घेणाऱ्या स्फोटाचा खटला, आणि त्यात न्यायालयाचे तास खर्च होतात ते कागद कुणी, कधी, कशावरून झेरॉक्स केला या वादात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पीडितांच्या घरच्यांना हा वाद क्षुल्लक वाटला असेल, तर त्यांना कसे चुकीचे म्हणायचे? तरीही प्रश्न क्षुल्लक नाही. मूळ जबाब सांभाळणे हे राज्याचे काम होते. ते झाले नाही, तर त्या निष्काळजीपणाची किंमत पुरावा सैल करून चुकवता येत नाही.

इथे कलम ६५ कडे वळावे लागते. मूळ कागदाऐवजी नक्कल केव्हा आणता येते याची यादी त्यात आहे. त्यातला तिसरा खंड मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. मूळ कागद नष्ट झाला असेल किंवा हरवला असेल, अथवा स्वतःच्या कसुरीमुळे वा हयगयीमुळे न उद्भवलेल्या अन्य कारणाने वाजवी वेळात हजर करता येत नसेल, तर नक्कल चालते. आता ‘स्वतःची कसूर नसावी’ ही अट फक्त ‘अन्य कारणा’ला लागू आहे, की हरवण्यालाही? वाक्याचा अन्वय लावला तर ती शेवटच्या तुकड्याला चिकटलेली दिसते. पण ‘अन्य’ हा शब्द मागे वळून पाहतो. ‘अन्य’ म्हटले म्हणजे आधीची कारणेही त्याच जातीची, म्हणजे कसुरीविना घडलेली, असे वाचण्याला जागा राहते. मी तसेच वाचतो. दिवाणी दाव्यात भावाने भावाचे खत लपवले तर नुकसान पैशाचे होते. फौजदारीत ज्याच्या विरुद्ध नक्कल वापरायची तो माणूस तुरुंगात जाणार असतो, आणि कागद सांभाळणारी यंत्रणा व त्याला शिक्षा मागणारी यंत्रणा एकाच सरकारची असते.

याच कलमाचा पहिला खंड फौजदारी खटल्यात अगदी वेगळा चेहरा घेतो. मूळ कागद विरुद्ध पक्षाच्या कब्जात असेल आणि नोटीस देऊनही तो हजर करीत नसेल, तर नक्कल आणता येते. दिवाणीत हे सरळ आहे. पण आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. आणि कागद हजर करण्याचा हुकूम देण्याची फौजदारी प्रक्रियेतली तरतूद आरोपीला लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध श्यामलाल मोहनलाल चोक्सी या प्रकरणात दिला. मग लाचेचा हिशेब लिहिलेली वही आरोपीच्या कपाटात असेल आणि झडतीत सापडली नसेल, तर सरकारी पक्षाला नकलेवरच उभे राहावे लागते. आरोपीचे मौन शाबूत राहते आणि सत्याकडे जाणारी वाटही पूर्ण बंद होत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी साधणाऱ्या जागा पुरावा कायद्यात फार थोड्या आहेत.

मूळ आणि नक्कल यांची सीमारेषा जिथे आपल्याला वाटते तिथे नसते, हे कलम ६२ वाचताना कळते. एकाच प्रक्रियेने एकदम तयार झालेल्या प्रतींपैकी प्रत्येक प्रत बाकीच्यांच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा असते. स्टीफनचे उदाहरण भित्तिपत्रकांचे आहे. एखाद्या इसमाच्या कब्जात एकाच मूळ मजकुरावरून एकाच वेळी छापलेली अनेक भित्तिपत्रके सापडतात. त्यातले कोणतेही एक दुसऱ्या कोणत्याहीबद्दल प्राथमिक पुरावा आहे, पण ज्या हस्तलिखितावरून ती छापली त्याबद्दल एकही नाही. ‘कब्जात सापडली’ या शब्दांतच पोलीस ठाण्याची हवा आहे. १९०८ च्या टिळकांच्या राजद्रोह खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख ‘केसरी’च्या छापील अंकांतून आरोपाचा आधार झाले. हस्तलिखित शोधायची गरज सरकारला नव्हती. छापून लोकांच्या हाती जे गेले, तोच गुन्ह्याचा विषय होता.

छापखान्याला लावलेली हीच कसोटी रुग्णालयाच्या टेबलावर लावली की ती आणखी बोलकी होते. पीडितेची तपासणी केलेला डॉक्टर छापील नमुन्यावर प्रमाणपत्र लिहितो. खाली कार्बन, त्याखाली दुसरे पान. पेन दाबून लिहिले की वरची निळी अक्षरे आणि खालची जांभळट अक्षरे एकाच क्षणी, एकाच हाताच्या जोराने उमटतात. वरचे पान पोलिसांकडे जाते, खालचे वहीत राहते. पुढे डॉक्टरांची बदली होते किंवा वरचे पान गहाळ होते. मग कार्बनची प्रत नक्कल धरायची का? १९८९ मध्ये पृथी चंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकाच प्रक्रियेने बनलेली कार्बन प्रत ही प्राथमिक पुरावाच आहे. खालचे पान वरच्यावरून झालेले नाही, दोन्ही त्याच लिहिण्यातून झाली. हा निकाल वाचताना भित्तिपत्रकांचे ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे उदाहरण एका खऱ्या मुलीच्या बाजूने उभे राहिलेले दिसते.

या सगळ्या तरतुदींत जिचा मान सर्वांत जुना ती प्रमाणित नक्कल. सार्वजनिक दस्तऐवजाची नक्कल अधिकाऱ्याने फी घेऊन द्यायची. खाली खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, सही, नाव, हुद्दा आणि असेल तिथे शिक्का, असे कलम ७६ सांगते. ज्यांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून जुन्या खतांच्या नकला काढल्या आहेत त्यांना पानाच्या पायथ्याशी असलेल्या ओळी ठाऊक असतील: मी नक्कल केली, मी वाचली, मी रुजुवात घेतली, अस्सल बरहुकूम नक्कल. नक्कल करणारा, वाचणारा आणि रुजुवात घेणारा, प्रत्येकाची सही वेगळी. एक मोठ्याने वाचतो, दुसरा डोळ्याने मूळ पाहतो. चूक निघाली तर ती कुणाच्या नजरेतून सुटली हे कागदावरच लिहिलेले असते. तिसऱ्या उदाहरणातली ताडून पाहण्याची क्रिया इथे नावानिशी हजर असते. कोर्टाच्या नक्कल विभागातून आलेल्या जबाबाच्या प्रतीवर न्यायाधीश विसंबतात ते या सह्यांवर.

त्यापुढे साध्या झेरॉक्सचे दोषारोपपत्रातले स्थान पाहा. साक्षीदाराच्या हाती ती दिली जाते, ‘हीच ती का’ असे विचारले जाते, तो ‘हो’ म्हणतो, बचाव पक्ष हरकत घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या बिपिन पांचाळ निकालानंतर रीत अशी पडली की हरकत टिपून ठेवायची, कागदाला तात्पुरता क्रमांक द्यायचा आणि हरकतीचा निर्णय शेवटी करायचा. खटला रेंगाळू नये म्हणून ही रीत आली आणि तो हेतू योग्यच होता. पण निशाणी पडली की कागद सिद्ध झाला, असा समज वकिलांतही रुजलेला दिसतो. कागद दाखल होणे वेगळे आणि त्यातला मजकूर शाबीत होणे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे, आणि वारंवार बजावावे लागते यातच त्याची गरज दिसते.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. जुने कलम ६३ आता ५८ झाले. चार उदाहरणे जशीच्या तशी राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे. नव्या कायद्यातले कलम ६३ मात्र संगणकातल्या नोंदींचे आहे. म्हणजे जुन्या कलम ६५-ब चा वारस; अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कॉलच्या नोंदींचे छापील कागद प्रमाणपत्राविना, साध्या नकलेच्या नियमांखाली स्वीकारले होते. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने ते चूक ठरवले. मग २०२० मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निकाल आला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावरून ठरणार होते. चित्रफितींच्या सीडी मिळाल्या, पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारकच ठेवले, मात्र मागूनही ते मिळाले नसेल तर न्यायालयाकडून ते मागवता येते, अशक्य ते करण्याची सक्ती कायदा करीत नाही, असेही सांगितले. आणि मूळ फोन किंवा लॅपटॉप त्याचा मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात घेऊन आला, तर प्रमाणपत्राची गरजच नाही.

नव्या कायद्याच्या परिशिष्टातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश मूल्याची जागा आहे. शा-२५६ सारख्या पद्धतीने फाइलचे चौसष्ट अक्षरी मूल्य निघते आणि फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ते पार वेगळे येते. रुजुवात घेणाऱ्याचे काम इथे गणिताकडे गेले आहे आणि ते गणित माणसापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. पण हॅश एवढेच सांगते की मूल्य काढल्यापासून फाइल बदललेली नाही. त्याआधी तिच्यात काय घातले गेले, हे पहिल्या उदाहरणाच्या अटीवरच राहते. ज्याची प्रत घेतली ते मूळच होते का?

म्हणून नव्या कलम ५७ मधले पाचवे स्पष्टीकरण मला जपून वाचावेसे वाटते. योग्य ताब्यातून हजर केलेली डिजिटल नोंद प्राथमिक पुरावा ठरते, तिच्याबद्दल वाद घातला नाही तर. वाद घालायचा कुणी? आरोपीने. त्यासाठी त्याच्या हाती निदान त्याच फाइलची प्रत हवी. २०१९ मध्ये केरळातल्या एका अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि एरवी आरोपीला त्याची तंतोतंत प्रत मिळाली पाहिजे. त्या खटल्यात मात्र पीडितेच्या खासगीपणासाठी आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांनी न्यायालयात बसून ते पाहावे, एवढीच मुभा दिली. तो तोल मला योग्य वाटतो. पण जिथे असा अडसर नाही तिथेही आरोपीच्या हाती अंधूक छापील चित्रे पडणार असतील, आणि सरकारने दिलेल्या वकिलाकडे हॅश तपासून घ्यायला तज्ज्ञ नसेल, तर ‘वाद घातला नाही’ हे शब्द त्याने मूळ मान्य केले असे धरण्यासाठी वापरता कामा नयेत. पाचव्या स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना न्यायालयांनी आरोपीला ती फाइल केव्हा आणि कोणत्या रूपात मिळाली होती, हे आधी विचारावे.